पाळणाघर सांभाळणाऱ्या मावशींची पाठ, घसा आणि हिशेब

मिरजेत दवाखान्यांच्या आसपासच्या गल्ल्या, सांगलीत विश्रामबाग, कुपवाड आणि साताऱ्याच्या एमआयडीसीकडच्या कॉलन्या, गोडोली, शाहूपुरी. आई-बाप दोघं ड्युटीवर जातात अशा भागात एखाद्या मावशींचं पाळणाघर असतंच. बऱ्याच ठिकाणी पाटीसुद्धा नसते. घरातली पुढची खोली, पाच-सहा मुलं, एक मावशी आणि जमलं तर मदतीला एक बाई. नर्सची पहिली पाळी असली की मूल सकाळी साडेसहालाच दारात येतं. बँकेत काम लांबलं की शेवटचं मूल जायला रात्रीचे साडेसात होतात.

या मावशींच्या तब्येतीचा विषय निघाला की सल्ला ठरलेला: स्वतःकडे लक्ष द्या, योगा करा, वेळेवर जेवा. सल्ला चुकीचा नाही, पण त्याचा उपयोग होत नाही. दीड वर्षाचं पोर पदराला लोंबकळत असताना वेळेवर जेवायचं कसं, हे कुणी सांगत नाही. पाळणाघर चालवणाऱ्या बाईची तब्येत तिच्या निश्चयापेक्षा तीन गोष्टींवर जास्त ठरते: घर कसं मांडलंय, दिवस कसा आखलाय आणि पालकांशी काय ठरलंय.

पाठ, गुडघे आणि अंगठा

एक वर्षाचं मूल साधारण ९ किलोचं, तीन वर्षांचं १३-१४ किलोचं. समजा दिवसात सगळी मुलं मिळून ४० वेळा उचलली आणि सरासरी वजन १० किलो धरलं, तर दिवसाला ४०० किलो होतात. बाजार समितीतला हमालही पोतं उचलताना आधी पाय रोवतो. मावशी मात्र एका हातात दुधाची बाटली, नजर दुसऱ्या मुलावर आणि कंबर अर्धी वळलेली, अशा अवस्थेत उचलते. पाठ बिघडते ती नुसत्या वजनानं नाही. वाकणं, वळणं आणि वजन अंगापासून लांब धरणं, ही तिन्ही एकदम झाली की कंबरेच्या मणक्यांवर मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो.

उचलण्याची रीत अशी. मुलाच्या अगदी जवळ जा. एक पाय पुढे, एक मागे. मागचा गुडघा जमिनीकडे न्या. मूल छातीशी ओढून घ्या, एक हात बुडाखाली आणि एक पाठीवर. मग श्वास सोडत मांड्यांच्या जोरावर उठा. वळायचं असेल तर उभं राहिल्यावर पावलं टाकून वळा. पाळण्यातून किंवा उंच कठड्याच्या पलंगातून बाळ काढताना कठड्याला पोट टेकवा आणि बाळाला आधी आपल्याकडे सरकवून घ्या, मगच उचला. बाळ तिकडच्या कोपऱ्यात असताना हात लांबवून उचललं की उसण भरलीच म्हणून समजा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे न उचलणं. दीड वर्षाच्या पुढचं मूल बहुतेक वेळा स्वतः चढू शकतं. दिवाणाला लागून एक रुंद, न हलणारी पायरी ठेवा, बेसिनपाशी दुसरी. सुतार उरलेल्या प्लायवूडची सहा इंच उंचीची पायरी सहज करून देतो; खाली रबर मात्र लावून घ्या, नाहीतर फरशीवर सरकते. मूल चढायला दोन मिनिटं घेतं आणि तेवढी दोन मिनिटं आपल्याकडे नसतात, म्हणून आपण उचलतो. दिवसभर असंच चालतं. साताऱ्यात माची पेठेसारख्या चढावरच्या घरांना पायऱ्याही फार. तिथं मुलाला जिन्यावरून कडेवर आणणं बंद करा, ते काम सोडायला आलेल्या पालकांचं.

लंगोट किंवा डायपर बदलण्याची जागा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. दिवाण सोळा-अठरा इंचांचा असतो. त्यावर बदलायचं म्हणजे प्रत्येक वेळी कंबरेतून पूर्ण वाकणं. लहान बाळासाठी आपल्या कोपरापेक्षा थोडी खाली, साधारण ३३ ते ३५ इंच उंचीची पक्की जागा हवी. त्या उंचीवर एक हात सतत बाळावर हवा. लागणाऱ्या सगळ्या वस्तू आधी हाताशी घ्या, कारण बाळ पालथं पडायला वेळ लागत नाही. आठ-नऊ महिन्यांचं मूल वळवळायला लागलं की उंच जागा बंद. मग जमिनीवर चटई टाका आणि स्वतः पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसा. उभं राहता येणाऱ्या मुलाचं उभ्यानंच बदला: मूल भिंतीला हात टेकून उभं, तुम्ही स्टुलावर. स्वयंपाकाचा ओटा उंचीला अगदी बरोबर असतो आणि म्हणून मोह होतो, पण तिथं लंगोट बदलू नका; कारण पुढे येईलच.

गुडघ्यांचं दुखणं चाळिशीनंतर बऱ्याचजणींना असतं. जमिनीवरून दिवसात पन्नास वेळा उठ-बस करायची तर फरशीवर थेट गुडघे टेकू नका, जाड घडीची गोधडी किंवा फोमचा तुकडा घ्या. उठताना आधी एका गुडघ्यावर या, हात दिवाणावर किंवा भिंतीवर टेकवा, मग उभ्या राहा. मुलांना भरवायचं काम मांडी घालून करण्यापेक्षा दहा-बारा इंचांच्या स्टुलावर बसून करा. मूल समोर बुटक्या खुर्चीत, म्हणजे कंबरही वाचते.

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला ठणका लागतो, कुकरचं झाकण उघडताना कळ येते. हे तान्ह्या बाळांना सांभाळणाऱ्या बायकांचं खास दुखणं आहे. अंगठे ताणून, बाळाच्या काखेत हात घालून वारंवार उचलल्यानं अंगठ्याकडे जाणाऱ्या शिरांसारख्या दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, सुजतात. ओळखायचं कसं? अंगठा मुठीत धरा आणि मनगट करंगळीकडे वाकवा. झटकन कळ आली तर बहुधा तेच. मनगट सरळ ठेवून, हाताच्या पंज्याऐवजी कोपरापासूनच्या भागावर बाळ घेतलं तर ताण कमी होतो. दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आधाराचा पट्टा आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकींचं बरं होतं. बाम चोळत वर्ष काढलं तर मात्र अवघड जातं.

पाय बधिर होणं, पायातली ताकद कमी होणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यातलं काही पाठदुखीबरोबर दिसलं तर मालीशवाल्याकडे जाऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

किती मुलं

एकटीनं किती मुलं सांभाळावीत, याचं आपल्याकडचं उत्तर बहुधा 'खोलीत मावतील तेवढी' असं असतं. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या एका व्यक्तीला सर्वसाधारण नियमानं आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं घेता येतात. त्यातली पाच वर्षांखालची तीनच, आणि वर्षाच्या आतलं एकच. यात तिची स्वतःची मुलंही मोजली जातात. इथल्या फीमध्ये हा आकडा परवडत नाही हे खरं, पण वर्षाच्या आतलं एकच हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एक कसोटी सोपी: घरात गॅसचा वास आला तर एका फेरीत, एकटीनं सगळी मुलं दाराबाहेर काढता येतील का? न चालणारी दोनपेक्षा जास्त असतील तर नाही. मग मदतनीस हवीच किंवा मुलं कमी करायला हवीत.

सर्दी, जुलाब आणि हात

पाळणाघर सुरू केल्याच्या पहिल्या वर्षी मावशी सारख्या आजारी पडतात. सहा घरांतले जंतू एका खोलीत येतात, त्यातल्या कितीतरींशी शरीराची पहिल्यांदाच गाठ पडते. हळूहळू प्रमाण कमी होतं. पण जुलाब, फ्लू, डोळे येणं, खरूज, हात-पाय-तोंडावर फोड येणारा आजार, हे दरवर्षी येतातच.

हात कधी धुवायचे याच्या लांब याद्या भिंतीवर लावून उपयोग नाही. चार वेळा चुकवू नका: लंगोट बदलल्यावर, नाक पुसल्यावर, स्वतः शौचाला जाऊन आल्यावर, आणि अन्नाला हात लावण्याआधी. साबण लावून २० सेकंद. सॅनिटायझर घाण लागलेल्या हातांवर चालत नाही आणि जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर तो कमकुवत पडतो. म्हणून लंगोटानंतर साबण-पाणीच. लंगोटाची जागा ओट्यापासून लांब हवी, तीही याचसाठी.

दिवसात तीस वेळा हात धुतले की थंडीत हातांना भेगा पडतात. भेगा पडल्या की साबण झोंबतो आणि हात धुणं टळायला लागतं. रात्री झोपताना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन भरपूर चोळून जुने सुती मोजे हातात घाला. कपडे-भांड्यांची पावडर हात धुवायला वापरू नका.

उलटी किंवा जुलाब फरशीवर झाले तर आधी मुलांना दुसरीकडे न्या. हातमोजे घाला, जुन्या कागदानं किंवा कापडानं घाण उचलून पिशवीत बांधा. मग साबणाच्या पाण्यानं पुसा. त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी: बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली, १० टक्के असेल तर १० मिली. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसा. हे पाणी रोज ताजं करा, कालचं कमजोर झालेलं असतं. खिडक्या उघड्या ठेवा. आणि फार महत्त्वाचं: हे पाणी संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा हार्पिकसारख्या द्रवात कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये श्वास कोंडतो. 'दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ' या समजुतीनं हा अपघात होतो.

मावशी गरोदर असेल किंवा राहायचा विचार असेल तर काही गोष्टी वेगळ्या. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सायटोमेगॅलो नावाचा विषाणू महिनोन्‌महिने बाहेर पडत असतो. मूल ठणठणीत दिसतं, पण गर्भाला तो बाधू शकतो. म्हणून मुलांचा उष्टा घास खाणं, त्यांचा चमचा तोंडात घालणं, ओठांवर पापी घेणं बंद. कांजिण्या आणि रुबेला आपल्याला झाल्यात का किंवा लस झालीय का, हे गरोदर राहण्याआधी तपासा. या लसी गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळायला सांगतात. कांजिण्या कधीच झाल्या नसतील आणि पाळणाघरात एखाद्या मुलाला निघाल्या, तर गरोदर मावशीनं त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. थांबून बघण्यात उपचाराची वेळ निघून जाते.

बाकीच्यांनी फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याच्या आधी घ्यावी, धनुर्वात-घटसर्पाची दर दहा वर्षांनी. मावशीला किंवा मदतनीस बाईला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि क्षयाचे उपचार मोफत आहेत. कफ सिरप पीत दिवस ढकलले तर खोलीतल्या तान्ह्यांना सगळ्यात जास्त धोका असतो.

पावसाळ्यात आणखी एक त्रास: ओल्या फरशीवर सारखं वावरून पायांच्या बोटांत चिखल्या होतात. पाय कोरडे पुसा, बोटांमध्ये फडका फिरवा, बाथरूमच्या चपला वेगळ्या ठेवा. आणि डासांसाठी बंद खोलीत कॉइल लावू नका. मुलांच्या छातीत जाणारा धूर तुमच्याही छातीत जातो, तुम्ही तर तिथं दिवसभर असता. मच्छरदाणी लावा.

लघवी, पाणी, जेवण

यावर कुणी बोलत नाही. पाळणाघरात एकटी असलेली बाई लघवीला जात नाही, कारण मुलांना सोडून जायचं कसं? मग ती पाणीच कमी पिते. लघवीत जळजळ, वारंवार संसर्ग, डोकेदुखी, बद्धकोष्ठ, मूळव्याध, सगळं यातून येतं. उन्हाळ्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तर चक्करही येते.

उपाय घराच्या मांडणीत आहे. खोलीचा एक कोपरा असा करा की पाच मिनिटं मुलं तिथं एकटी राहिली तरी काही होणार नाही: स्विच वर, टोकदार काही नाही, खेचून अंगावर पडेल असं कपाट नाही, दाराला लाकडी अर्धदार किंवा जाळीचं फाटक. तान्हं बाळ उताणं, कठड्याच्या पलंगात किंवा पाळण्यात. बाथरूमचं दार लोटून घ्या पण आतून कडी नको, म्हणजे आवाज येत राहतो आणि दार अडकायची भीती नाही. दिवसाच्या वेळा ठरवा: दहाला मुलांचं खाणं झाल्यावर, एकला झोपवल्यावर, चारला मदतनीस आल्यावर. वेळ ठरली की मुलांनाही कळतं. पाण्याच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या सकाळी भरून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा. दुपारपर्यंत एक संपलीच पाहिजे. लघवीचा रंग गडद पिवळा म्हणजे पाणी कमी.

जेवणाचं बघा. बहुतेक मावशी मुलांच्या ताटातलं उरलेलं खातात आणि त्यालाच जेवण म्हणतात. वरणभात, बिस्किटं, केळं. त्यात लोह आणि प्रथिनं अपुरी, वर उष्ट्यातून संसर्ग. स्वतःचा डबा सकाळीच भरून ठेवा, बाहेर कामाला निघाल्यासारखा: दोन भाकऱ्या, उसळ, मेथी किंवा शेपूची भाजी, लिंबाची फोड. लिंबानं लोह चांगलं अंगी लागतं. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर कमी लागतं, म्हणून चहा तासाभरानं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. सारखा दम लागणं, पाय ओढणं याला 'वय झालं' म्हणण्याआधी ही एक तपासणी करा. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. दर वर्षी एक ठरलेला दिवस पाळणाघर बंद ठेवून जाऊन या. 'वेळ मिळाला की जाईन' म्हणणारी बाई जात नाही.

दुपारी मुलं झोपतात तो दीड तास बहुतेकजणी भांडी, केर, कपडे यात घालवतात आणि चार वाजता पुन्हा उभ्या राहतात तेव्हा दमलेल्या असतात. क्रम बदला. आधी जेवण, मग नोंदवही, मग अर्धा तास आडवं: पोटऱ्यांखाली उशी, पाय वर. मदतनीस जागी नसेल तर झोपायचं मात्र नाही, तान्ह्यांवर नजर हवी. कामं उरली तर उरू देत.

घसा

फरशी आणि रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, मुलं ओरडतात, मग आपणही वरच्या पट्टीत बोलतो. टीव्ही बंद ठेवा, जमिनीवर सतरंज्या, खिडकीला जाड पडदे. स्वयंपाकघरातून ओरडून बोलवण्याऐवजी मुलापर्यंत चालत जा. सगळ्यांना एकदम गप्प करायचं असेल तर पूजेची छोटी घंटी वाजवा. मुलं आठवड्यात शिकतात. आवाज तीन आठवडे बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

मनावरचा भार

हे काम एकटेपणाचं आहे. दहा-अकरा तास मोठ्या माणसाशी धड एक वाक्य होत नाही, घरचे म्हणतात 'तू तर घरीच असतेस', आणि डोक्यावर कायम एक भीती: मुलाला काही झालं तर? या भीतीवर सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे नोंदवही. दोनशे पानी वही, प्रत्येक मुलाला रोज चार ओळी. आलं किती वाजता, येताना अंगावर खरचटलेलं किंवा ताप होता का, काय खाल्लं, किती झोपलं, नेलं कुणी. येतानाचा ओरखडा सोडणाऱ्या पालकांसमोरच लिहायचा आणि त्यांना दाखवायचा. औषध द्यायचं असेल तर चिठ्ठीची झेरॉक्स आणि पालकांच्या हातानं लिहिलेली मात्रा व वेळ, नाहीतर नाही. कागदावर असलं की रात्री अंथरुणात 'मी लक्ष दिलं नाही का' हा विचार तितकासा सतावत नाही.

तासभर न थांबता रडणारं बाळ माणसाला कड्यावर नेतं. राग अनावर झाला तर बाळाला पलंगात उताणं, सुरक्षित ठेवा, खोलीबाहेर पाच मिनिटं थांबा, तोंडावर पाणी मारा, कुणाला तरी फोन करा. बाळ रडून मरत नाही. पण रागात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मदतनीस बाईलाही हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि 'मला आत्ता झेपत नाही' म्हणायची मुभा द्या.

तीन वर्षं सांभाळलेलं पोर जूनमध्ये शाळेत जातं आणि रस्त्यात ओळखही देत नाही, याचंही वाईट वाटतं. ते साहजिक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, कशातच मन लागेना, उगाच रडू येत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ हा टेली मानस हेल्पलाइनचा नंबर लावा. मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

करार आणि पैसा: खरी तब्येत इथं आहे

हिशेब मांडून बघा. समजा सहा मुलं, प्रत्येकी ३,५०० रुपये, म्हणजे २१,००० रुपये. दूध, नाश्ता, फळं ५,०००, मदतनीस ५,०००, गॅस, वीज, पाणी, साबण २,०००. उरले ९,०००. रोज साडेदहा तास, महिन्याला २५ दिवस धरले तर २६२ तास. तासाला ३४ रुपये पडले. आता एक पालक रोज अर्धा तास उशिरा येतो असं धरा. महिन्याला साडेबारा तास, म्हणजे एका दिवसाहून जास्त काम फुकट. त्यातून संध्याकाळचा स्वयंपाक लांबतो, जेवण दहाला, झोप बाराला आणि सकाळी साडेपाचला पुन्हा उठणं. पित्त आणि रक्तदाब या अर्ध्या तासात लपलेले असतात.

म्हणून एक पानाचा कागद करा आणि सही घ्या. तोंडी ठरलेलं भांडणात टिकत नाही. बंद व्हायची वेळ लिहा आणि त्यापुढच्या दर अर्ध्या तासाला किती रुपये तेही. पैसे मागायची लाज वाटते, हे खरं अडचणीचं. पहिल्याच महिन्यात, पहिल्याच उशिराला, हसून सांगायचं: "ताई, साडेसहाच्या पुढचं आपलं ठरलंय ना, या महिन्याच्या फीत धरते." सहा महिने गप्प राहून एकदम भडकण्यापेक्षा हे बरं.

मावशीच्या सुट्ट्या पगारी हव्यात. गणपती, दिवाळी, गावची जत्रा आणि आजारपणाचे काही दिवस, वर्षाचा आकडा आधीच लिहा. मूल आलं नाही म्हणून फी कापायची नाही, जागा त्याच्यासाठी राखलेली असते. मूल काढायचं तर एक महिन्याची सूचना. आणि प्रत्येक मुलामागे महिन्याला २०० रुपये वेगळ्या खात्यात टाका. सहा मुलांचे वर्षाला १४,४०० होतात. त्यात तपासण्या, लस आणि मावशी आजारी असताना बदली बाईचा पगार निघतो. फी ठरवताना हे दोनशे आधी धरा, उरले तर टाकू म्हणाल तर उरत नाहीत.

आजारी मुलाचा नियम याच कागदावर. ताप १०० पॉइंट ४ अंश किंवा जास्त असेल तर मूल घरी, आणि औषधाशिवाय २४ तास ताप आला नाही की परत. उलटी-जुलाब थांबल्यावर ४८ तास. कांजिण्यांचे सगळे फोड खपली धरेपर्यंत. खरजेला पहिला उपचार झाल्यावर. सकाळी पॅरासिटामॉल पाजून सोडून जाणारे पालक सगळीकडे असतात. त्यांनाही कामावर रजा मिळत नसते, हे मान्य. पण बारा वाजता ताप पुन्हा चढतो तेव्हा तो एका मुलाचा उरलेला नसतो. म्हणून फोन केल्यावर तासाभरात नेऊ शकेल अशा दुसऱ्या माणसाचं नाव, आजी-आजोबा किंवा शेजारी, आधीच लिहून घ्या.

सांगलीकरांनी एक कलम जास्त घालावं. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिल्यावर ते सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या भागातल्या पाळणाघरानं ४० फुटांचा इशारा आला की बंद, असं लिहून ठेवावं. पाणी ४५ ला गेल्यावर पालक पलीकडच्या काठाला अडकले तर मुलं आणि मावशी दोघांचे हाल. पूर ओसरल्यावर घर साफ करताना गमबूट आणि हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर डॉक्टरांना 'पुराच्या चिखलात काम केलंय' हे आवर्जून सांगा. लेप्टो, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार, वेळेत ओळखला तर औषधानं बरा होतो.

सरकारी कागद

ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्ड, मोफत निघतं. वय १६ ते ५९, आयकर भरत नसाल, पीएफ किंवा ईएसआयसी (कामगार विमा) नसेल तर चालतं. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक पासबुक घेऊन सीएससी, म्हणजे सरकारी सेवांच्या ऑनलाइन केंद्रात जा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देतो, जीवन ज्योती ४३६ रुपयांत २ लाखांचं आयुर्विमा संरक्षण, दोन्ही बँकेच्या किंवा पोस्टाच्या बचत खात्यातून. श्रमयोगी मानधन पेन्शनला वय १८ ते ४० आणि महिन्याचं उत्पन्न १५,००० पर्यंत हवं. २९ व्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला १०० रुपये, सरकार तेवढेच घालतं, आणि साठीनंतर ३,००० रुपये महिना. चाळिशी ओलांडली की हे दार बंद होतं, म्हणून एकोणचाळीसच्या बाईनं पुढच्या दिवाळीची वाट बघू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक आजारांवर दवाखान्यात भरती झाल्यावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. बाहेरून घेतलेली पाठदुखीची औषधं त्यात बसत नाहीत, ती त्या दोनशे रुपयांच्या खात्यातून.

बदली मावशी

एकटी बाई आजारी पडली की सहा घरं अडतात, म्हणून ती तापातही दार उघडते. यावर चालणारा उपाय म्हणजे जवळच्या दुसऱ्या पाळणाघराशी आधीच बोलून ठेवणं. एकीच्या आजारपणात दुसरीनं तिची फार तर दोन मोठी, चालणारी मुलं घ्यायची. तान्ही मुलं पालकांनी सांभाळायची. मुलांना नवी जागा परकी वाटू नये म्हणून महिन्यातून एकदा दोन्हीकडची मुलं एकत्र खेळवा. कुणाला कसली ॲलर्जी, कोणतं औषध, पालकांचे नंबर, हे एका कागदावर लिहून दोघींच्या फ्रिजवर लावा. दिवसाचे पैसे किती हे आधी ठरवा, मैत्रीत सोडू नका. चार-पाचजणी मिळाल्या तर महिन्याला शंभर-शंभर रुपये काढून बचत गटासारखा बदली-निधी करता येतो. बैठक रविवारी सकाळी ठेवा, संध्याकाळी कुणालाच उभं राहवत नाही.